झाडांच्या मैदानावरचे पहिले अठरा होल: मुंबईतील नवख्या गोल्फरसाठी मार्गदर्शन

सरावाच्या रेंजवर दोन-तीन महिने घाम गाळून झाला आणि सात नंबरची आयर्न, म्हणजे मध्यम अंतराचा दांडा, हातात बसली, की ओळखीतला एखादा सदस्य म्हणतो, "या रविवारी आमच्याकडे या, सोबत खेळू." रेंजवर समोर मोकळे रान असते, चेंडू वीस-तीस यार्ड भरकटला तरी कोणाचे काही बिघडत नाही. झाडांनी वेढलेल्या मैदानावर मात्र त्याच वीस यार्डांवर पर्जन्यवृक्षाचा बुंधा उभा असतो. पुढील सूचना त्या पहिल्या रविवारसाठी आहेत. 'क्लब' हा शब्द आपल्याकडे संस्थेलाही लागत असल्यामुळे खेळायच्या दांड्याला येथे कॅडींच्या (पिशवी उचलणाऱ्या मदतनिसांच्या) बोलीप्रमाणे 'स्टिक' म्हटले आहे.

मैदानाची जात ओळखा

गोल्फची मूळ मैदाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरची. वाळूवर उगवलेले आखूड गवत, उघडा वारा आणि झाड जवळपास नाहीच, अशा त्या मैदानांना लिंक्स म्हणतात. खेळ किनाऱ्यापासून आत सरकला तेव्हा खोल मातीची, पाणी घालून वाढवलेल्या हिरवळीची आणि झाडांच्या रांगांनी एकमेकांपासून वेगळ्या केलेल्या फेअरवेंची (खेळायच्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यांची) मैदाने तयार झाली. त्यांना पार्कलँड हे नाव पडले. लिंक्सवर चेंडू वाऱ्याशी झगडतो आणि पार्कलँडवर झाडांशी, एवढा फरक सुरुवातीला लक्षात ठेवला तरी पुरे.

मुंबईत दोन्हींची चव घेता येते. कुलाब्याच्या टोकाला समुद्रालगत असलेल्या युनायटेड सर्व्हिसेस क्लबच्या मैदानावर वाऱ्याचा हिशेब आधी करावा लागतो. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालचा असून झाडांमधून जाणाऱ्या त्याच्या फेअरवे ताकदीपेक्षा नेमकेपणा मागतात. ताडदेवच्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबचे मैदान शहराच्या ऐन मध्यभागी आहे. हे तिन्ही खाजगी क्लब असल्यामुळे तेथे सदस्याचे पाहुणे म्हणूनच जाता येते. खारघरला सिडकोने डोंगराच्या कुशीत उभारलेल्या मैदानावर सदस्यत्वाशिवायही शुल्क भरून खेळता येते. ज्याच्या ओळखीत कोणी सदस्य नाही, त्याने सुरुवात तेथून करावी. पाहुणा म्हणून जाताना पोशाखाचा नियम यजमानाला आधीच विचारावा. कॉलरचा टी-शर्ट, जीन्स सोडून कोणतीही नीट पँट आणि धातूचे खिळे नसलेले बूट एवढ्यावर सहसा काम भागते.

पिशवी भरताना

नियमाप्रमाणे पिशवीत जास्तीत जास्त १४ स्टिक ठेवता येतात, परंतु नवख्याला त्यांतल्या निम्म्या पुरतात. पटर (भोकाजवळ चेंडू ढकलायची), सँड वेज (वाळूतून चेंडू काढायची), नऊ, सात आणि सहा नंबरच्या आयर्न, एक फेअरवे वूड (जाड डोक्याची, लांब पल्ल्याची) आणि आयर्न व वूड यांच्या मधली एक हायब्रिड एवढे घेऊन मी स्वतः पहिली दोन वर्षे खेळलो आणि एकदाही अडले नाही. ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब मारणारी स्टिक, घेऊ नका असे मी म्हणत नाही. तो पिशवीत असला तर प्रत्येक टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागी, त्यालाच हात घालायचा मोह आवरा, एवढेच म्हणणे आहे.

चेंडू मात्र हात सैल सोडून घ्या. झाडांच्या मैदानावर नवखा खेळाडू एका फेरीत सात-आठ चेंडू सहज घालवतो, म्हणून महाग चेंडू घेण्यात अर्थ नाही. घरातले जुने चालतात. प्रत्येक चेंडूवर न पुसल्या जाणाऱ्या पेनाने आपली खूण करा, कारण झाडाखालच्या पाचोळ्यात एकाच कंपनीचे दोन-तीन चेंडू सापडतात आणि ओळख पटली नाही तर तुमचा स्वतःचा चेंडूही हरवलेला धरला जातो.

टीवर उभे राहताना

माझ्या पहिल्या फेरीतली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरून समजेल. साधारण साडेतीनशे यार्डांचा पार चार होल होता, म्हणजे टीपासून भोकापर्यंत चार फटक्यांत पूर्ण करायचा टप्पा. फेअरवे वूडने फटका मारला, चेंडू उजवीकडे वळला आणि झाडांत शिरला. जाऊन पाहतो तो दोन बुंध्यांच्या मधून ग्रीनवरचा (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीवरचा) झेंडा स्वच्छ दिसत होता. फट असेल दोन-अडीच हातांची. सोबतचे वयस्क कॅडी हलकेच म्हणाले, "साहेब, आडवा काढा. फट तुम्हाला दिसतेय, बॉलला नाही दिसत." मी ऐकले नाही. चेंडू डाव्या बुंध्यावर आदळून माझ्या डोक्यावरून मागे गेला. पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा फांदीला लागून पुढ्यातच पडला. चौथ्या फटक्याला आडवा काढला आणि त्या होलवर नऊ झाले. पहिला फटका चुकला म्हणून फार तर एक फटका जास्त लागला असता. बाकीचे चुकीचा दुसरा फटका निवडल्यामुळे गेले.

झाडांच्या मैदानावर गुण बुडतात ते असे, आणि म्हणून टीवरच विचार करायचा. समजा होल ३८० यार्डांचा, पार चार आहे. हायब्रिडने १६० यार्ड आणि नंतर सहाच्या आयर्नने १५० यार्ड गेलात तर उरतात ७०. तिसरा फटका ग्रीनवर आणि पटरचे दोन फटके (पट), म्हणजे पाच, बोगी (पारपेक्षा एक जास्त). हे फटके रोज रेंजवर मारता तेच आहेत, त्यांत कसलीही करामत नाही. नवख्याने अठराही होलवर बोगी केली तर पार ७० च्या मैदानावर ८८ होतात, आणि वर्षानुवर्षे खेळणाऱ्या कितीतरी जणांना ८८ जमत नाहीत.

टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी, तिलाही टीच म्हणतात) कोठे लावता यालाही महत्त्व आहे. दोन खुणांच्या मधील आणि त्यांच्या मागे दोन स्टिकच्या लांबीपर्यंतची कोणतीही जागा वापरता येते, तरी बहुतेक लोक सवयीने मधोमध टी रोवतात. उजवीकडे झाडी दाट असेल तर टी उजव्या खुणेजवळ लावा आणि नेम फेअरवेच्या डाव्या अंगाचा धरा. चेंडू झाडीपासून दूर जाण्याच्या दिशेने निघतो आणि उजव्या हाताच्या नवख्या खेळाडूचा ठरलेला स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, झाला तरी फेअरवेच्या मध्यावर येऊन टेकतो. पहिल्यांदा हे उलटे वाटते, पण करून पाहा.

डॉगलेग, म्हणजे मध्येच कोपरात वळणारा होल, हा झाडांच्या मैदानाचा खास पेच. तेथे कोपऱ्यावरच्या झाडांवरून चेंडू उडवून वाट कापण्याचा विचार पहिल्या वर्षी मनातही आणू नये. टीपासून वळणापर्यंतचे अंतर कॅडीला विचारावे, आणि जी स्टिक वळणाच्या किंचित पुढे, बाहेरच्या बाजूला नेऊन ठेवील तीच हातात घ्यावी. कमी पडलात तर ग्रीन झाडांआड राहते आणि फार लांब गेलात तर समोरच्या झाडीत शिरता, म्हणून येथे लांबीपेक्षा अंतराचा अंदाज मोलाचा.

वाऱ्याबद्दल एक सूचना. दोन्ही बाजूंच्या झाडांमुळे टीवर वारा जाणवत नाही, गवताची चिमूट सोडली तर ती सरळ खाली पडते. चेंडू मात्र झाडांच्या शेंड्यांच्या वर जातो. मुंबईत दुपारकडे समुद्रावरून पश्चिमेचा वारा सुटतो आणि तो नारळाच्या झावळ्यांवर आधी दिसतो. नजर शेंड्याकडे ठेवा.

चेंडू झाडांत गेला तर

तो जाणारच. चेंडू कोणत्याही माणसाच्या दिशेने वळताना दिसला की प्रथम मोठ्याने "फोर!" ओरडा. झाडांच्या रांगेपलीकडे दुसरी फेअरवे असते आणि तिच्यावर चालणारे लोक तुम्हाला दिसत नाहीत. संकोच करू नका.

मग चेंडू सापडेल की नाही याची शंका असेल तर झाडीकडे चालू लागण्याआधीच दुसरा चेंडू खेळा आणि खेळताना "प्रोव्हिजनल" (तात्पुरता) हा शब्द सोबत्यांना ऐकू जाईल असा उच्चारा. न उच्चारता खेळलात तर तो दुसरा चेंडूच खेळात येतो आणि पहिला सापडला तरी उपयोग नाही. शोधायला २०१९ पासून तीन मिनिटे मिळतात, पूर्वी पाच असत. भारतातल्या अनेक मैदानांवर पुढे थांबून चेंडूवर नजर ठेवणारा 'आगेवाला' असतो. तो जेथे बोट दाखवील तेथून शोध सुरू करा, आपल्या अंदाजावरून नव्हे. नवख्याचा अंदाज नेहमी वीस यार्ड पुढचा असतो. चेंडू आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमीच गेलेला असतो.

चेंडू सापडला, की खाली वाकण्याआधी चार गोष्टी पाहा. चेंडू कशावर बसला आहे, स्टिक मागे नेताना फांदी आड येते का, फेअरवेकडे जाणारी सर्वांत रुंद वाट कोणती आणि त्या वाटेवर खालच्या फांद्या किती उंचीवर आहेत. या क्रमात ग्रीन कोठेच नाही, हे मुद्दाम आहे. सर्वांत रुंद वाट पुष्कळदा आडवी असते, कधी थोडी मागेही असते, आणि नवख्याच्या जिवावर येते ते नेमके हेच. गोल्फरांमध्ये एक म्हणणे फिरते की झाड म्हणजे नव्वद टक्के हवा. हिवाळ्यात पाने झडलेल्या थंड देशांत ते कदाचित खपेल. आपल्याकडच्या आंब्याच्या किंवा वडाच्या झाडाखाली एकदा उभे राहून वर पाहा.

आडवा फटका शिकणे सोपे आहे. पाच किंवा सहा नंबरची आयर्न घ्या आणि पकड दोन बोटे खाली धरा. उजव्या हाताने खेळणाऱ्याने चेंडू उजव्या पायाच्या बाजूला घ्यावा, शरीराचा भार डाव्या पायावर ठेवावा आणि हात चेंडूच्या किंचित पुढे ठेवावेत. स्टिक मागे कमरेपर्यंतच न्यावी, मनगटे सैल सोडू नयेत आणि फटक्यानंतरही स्टिकचे टोक कमरेच्या वर जाऊ देऊ नये. चेंडू गुडघ्याएवढ्या उंचीने निघतो आणि जमिनीवर पडून लांब घरंगळतो. म्हणून त्याने फेअरवे ओलांडून पलीकडच्या झाडांत घर करू नये एवढा जोर आधीच आवरावा लागतो. आठवड्यातून एकदा रेंजवर दहा चेंडू असे मारले तर महिन्याभरात हा फटका हातात येतो. रेंजवर कोणीच हा सराव करत नाही, सगळे ड्रायव्हर उडवत असतात.

झाडावरून चेंडू काढायचा तर तो लवकर उठायला हवा. नेमका किती उठेल हे पाहण्याची एक जुनी युक्ती आहे. चेंडूपासून दूर, स्टिकचा चेहरा वर करून ती जमिनीवर ठेवा आणि चेहऱ्यावर पाय द्या. दांडा ज्या कोनात वर उठतो, साधारण त्याच कोनात चेंडू निघतो. दांड्याचे टोक झाडाच्या शेंड्याच्या खाली रोखलेले दिसले तर ती स्टिक पिशवीत परत ठेवा. हा अंदाज चेंडू नीट लागला तर खरा ठरतो, आणि पाचोळ्यावरून तो क्वचितच नीट लागतो.

उघड्या मुळांजवळ चेंडू असेल तर फटका मारू नका. स्टिक मुळावर आपटली की मनगट आठवडाभर दुखते, कधी त्याहूनही जास्त. तसेच बुंधा समोर आणि जवळ असताना जोरात मारू नका. परत येणारा चेंडू टाळायला वेळ मिळत नाही. सोबत्यांनाही बाजूला, शक्यतो तुमच्या मागे आणि तिरके उभे राहायला सांगा.

नियमांतले कामाचे तेवढे

गळालेली पाने, काटक्या आणि सुटे खडे उचलता येतात, दंड नाही. मात्र ते काढताना चेंडू हलला तर एक फटक्याचा दंड लागतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. माघ-फाल्गुनात देशी बदामाची तळहाताएवढी लाल पाने एकावर एक पडलेली असतात. त्यांतले वरचे पान ओढले की खालचे सरकते आणि त्याबरोबर चेंडूही. अशा वेळी पाने तशीच ठेवणे शहाणपणाचे. शोधताना पाय लागून चेंडू हलला तर मात्र दंड नाही, तो परत ठेवायचा.

जिवंत फांदी मोडणे, वाकवून दाबून धरणे किंवा सरावासाठी स्टिक फिरवताना आडवी येणारी पाने झोडपणे यांनी तुमची वाट सुधारत असेल तर दोन फटक्यांचा दंड आहे. उभे राहण्यासाठी फांद्यांत शिरताना त्या आपोआप जेवढ्या बाजूला होतात तेवढे चालते. नव्या लोकांकडून हा नियम न कळता मोडला जातो.

फटका अशक्य वाटला तर 'अनप्लेएबल' जाहीर करण्याचा अधिकार तुमचाच आहे. एका फटक्याच्या दंडाने तीन वाटा खुल्या होतात. मागच्या फटक्याच्या जागी परत जाणे, चेंडू आणि झेंडा यांना जोडणाऱ्या रेषेवर हवे तेवढे मागे जाणे, किंवा चेंडूपासून दोन स्टिकच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, चेंडू टाकणे. चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. तो झाडावर अडकलेला असेल तर दोन स्टिकची लांबी त्याच्या बरोबर खालच्या जमिनीवरून मोजतात, पण वरचा चेंडू आपलाच आहे हे ओळखता आले पाहिजे. येथे पेनाची ती खूण कामी येते.

पांढऱ्या खुंट्यांपलीकडे चेंडू गेला तर तो हद्दीबाहेर, आणि एका दंडासह मागच्या जागेवरूनच पुन्हा खेळावे लागते. काही क्लब रोजच्या खेळासाठी स्थानिक नियम करतात आणि त्यात दोन फटक्यांच्या दंडाने पुढेच चेंडू टाकू देतात; स्कोअरकार्डच्या मागची बाजू पहिल्या टीवर वाचून घ्या. आधाराच्या काठ्या लावलेल्या रोपांबद्दलचा नियमही तेथेच छापलेला असतो.

कावळ्याने किंवा घारीने चेंडू उचलून नेला, आणि तसे झाल्याची खात्री असली, तर दंडाशिवाय दुसरा चेंडू मूळ जागी ठेवून खेळायचे. हसू येईल, पण मुंबईत हा नियम पाठ असावा.

सावलीतले ग्रीन

झाडांच्या आड असलेल्या ग्रीनवर सकाळचे ऊन उशिरा पोहोचते. दव टिकून राहते, गवत ओले असते आणि चेंडू मंद चालतो. साडेसहाला पहिल्या ग्रीनवर जो पट होलच्या दोन हात अलीकडे थांबला, तोच पट दहा वाजता उन्हातल्या ग्रीनवर चार हात पुढे जातो. ज्या ग्रीनवर अर्धी सावली आणि अर्धे ऊन आहे तेथे होल कोणत्या भागात आहे ते आधी पाहा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, म्हणजे लहान वाटीच्या तोंडाएवढा, आणि लांबच्या पटला त्याच्या आसपास हातभर अंतरावर पोहोचणे हेच यश मानावे.

पावसाळ्यात

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मैदान दुसरेच होते. रफ (फेअरवेबाहेरचे उंच गवत) वाढतो, चेंडू पडल्या जागी रुततो, घरंगळत नाही. आपल्याच खळग्यात रुतलेला चेंडू, दंड-क्षेत्र (पाण्यासारखी आखून दिलेली जागा) आणि बंकर (वाळूचा खड्डा) सोडून इतरत्र, विनादंड काढता येतो. साचलेल्या पाण्यातूनही तशीच सूट मिळते. अनेक क्लब या दिवसांत फेअरवेवर चेंडू उचलून, पुसून, जवळच ठेवण्याची परवानगी देतात. कार्यालयात विचारून घ्या, कारण किती अंतरात ठेवायचा हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. झाडीत चेंडू शोधताना गवतात हात घालू नका, आधी स्टिकने चाचपा. धामण निरुपद्रवी असली तरी तिच्या जागी दुसरे काय असेल याची खात्री कोणी देत नाही.

पावसात लोक सवयीने झाडाखाली सरकतात. नुसती सर असेल तर ठीक. विजेची शक्यता वाटली तर खेळ ताबडतोब थांबवण्याची मुभा नियमच देतात, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. अशा वेळी स्टिक आणि छत्री खाली ठेवा, उंच झाडांपासून दूर व्हा आणि क्लबहाउसकडे चालू लागा. चेंडूच्या जागी खूण करून तो उचललात तरी दंड नाही. परतल्यावर तेथूनच पुढे खेळायचे.